कुठनं आलं, ते रक्त सांगत नाही

माझ्या डाव्या डोळ्याला आता फक्त उजेड आणि अंधार एवढंच कळतं. उजवा चांगला आहे. हे सगळं मी त्या एका डोळ्यानं, थांबत थांबत लिहिलं आहे. माझं नाव घातलेलं नाही आणि लेकीचं बदललं आहे. का, ते वाचताना कळेल.

ज्यांच्या हातात नुकताच असा रिपोर्ट पडला असेल, त्यांच्यासाठी लिहिते. धीर द्यायला नाही. मला सुरुवातीला ज्यांनी धीर दिला, त्यांतल्या बऱ्याच जणांनी नंतर माझ्या हातचं पाणी घेतलं नाही. पण पुढं काय काय वाढून ठेवलंय ते आधी ठाऊक असलं, तर माणूस निदान पाय रोवून उभा राहतो.

जाळी

आम्ही हुपरीचे. घरातच चांदीचं काम. माझे मिस्टर पैंजणाच्या साखळ्या करायचे आणि मी त्या साखळ्यांना घुंगरू झाळून, म्हणजे डाग देऊन लावायची. लग्न होऊन आल्यापासून माझं हेच काम. हात आपोआप चालायचा.

तर एका उन्हाळ्यात घुंगराच्या कडीवर नजर धरली की डाव्या बाजूला काहीतरी तरंगायला लागलं. कोळ्याच्या जाळ्याचा तुकडा असावा तसं. मी हातानं हाकलायची. ते हाताच्या मागनं पुन्हा यायचं. त्याआधी बरेच महिने अंगात कणकण होती, जीभ पांढरी पडायची, ब्लाउज सगळे सैल झाले होते. गावातल्या डॉक्टरांनी टायफॉइडचं औषध दिलं, मग शक्तीचं. आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या, "एवढं बारीक काम करतीस, डोळं जाणारच की. चष्मा घे जा."

चष्मा घेतला. त्यानं जाळी जास्त स्पष्ट दिसायला लागली.

मग एका सकाळी आत्ती चहा घेऊन समोर आल्या, तर मला त्यांचं तोंड दिसलं, हनुवटी दिसली, पण कपाळ नव्हतं. कुणी वरनं पडदा सोडल्यासारखा. उजवा डोळा मिटला की कपाळ जायचं, उघडला की यायचं. मी दोनतीनदा करून बघितलं आणि मिस्टरांना हाक मारली.

हे वाचणाऱ्याला एक गोष्ट इथंच सांगून ठेवते. अंगात एचआयव्ही आहे हे ठाऊक असेल आणि डोळ्यापुढं असं काही तरंगत असेल, तर चष्म्याच्या दुकानात जाऊ नका. बाहुली मोठी करायचे थेंब घालून डोळा आतनं बघणाऱ्या डॉक्टरकडं जा. मला ठाऊकच नव्हतं.

सगळ्यांत शेवटी मला

कोल्हापुरात एका खासगी दवाखान्यात गेलो. थेंब घातले, डॉक्टरनी डोळ्यात बराच वेळ बघितलं. मग विचारलं, "आणखी काही आजार?" मी म्हटलं, "न्हाय." म्हणाले, "साध्या रक्ताच्या तपासण्या करून घेऊ." कुठल्या, ते सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. दंड पुढं केला.

रिपोर्ट आणायला गेलो त्या दिवशी पुन्हा थेंब घातले होते. बाहुली मोठी झाली की सगळं पांढरं आणि फुगीर दिसतं. मी बाकावर बसले होते. त्यांनी आत मला बोलावलं नाही, ह्यांना बोलावलं. थोड्या वेळानं निळा शर्ट माझ्यासमोरनं गेला आणि दाराबाहेर पडला. शर्टावरनं ओळखलं. मी भिंतीला धरून मागनं गेले. हे गाडीजवळ उभे होते.

"काय म्हणाले?"

"घरला चल."

हुपरीपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत. मी मागं बसून डोळे मिटून घेतले होते, कारण उजेड सोसत नव्हता. मला वाटलं, डोळा जाणार म्हणून ह्यांना वाईट वाटतंय. रस्ताभर मीच त्यांची समजूत कशी घालायची त्याचा विचार करत होते.

घरी गेल्यावर ते सरळ स्वयंपाकघरात गेले. मी पुढच्या खोलीत, आमच्या कामाच्या जागेवर बसले. मधली भिंत पातळ आहे.

"आई, हिला एड्स हाय."

मला माझा आजार असा कळला. पुढं सरकारी दवाखान्यात समुपदेशक सरांनी सांगितलं की मला विचारल्याशिवाय ही तपासणी करायचीच नव्हती, आणि निकाल आधी मला, एकटीला सांगायचा होता. कायदाच तसा आहे. तोवर घरातल्या सगळ्यांना कळून चुकलं होतं. कायदा काय चाटायचा?

निगेटिव्ह

दुसऱ्या दिवशी ह्यांनी स्वतःचं रक्त तपासून घेतलं. निगेटिव्ह. काही महिन्यांनी पुन्हा तपासलं, तेव्हाही निगेटिव्ह. बाईला असला आजार निघाला की लोक नवऱ्याकडं बोट दाखवतात. माझ्या घरात ते बोट माझ्याकडं वळलं.

आत्ती देवळातनं आल्या होत्या. कपाळावर गंध ओलं होतं. माझ्यासमोर बसल्या.

"खरं सांग. कुठनं आणलंस?"

"आत्ती, मी ह्या घराभायेर जातो तरी कुठं?"

"मग आभाळातनं पडलं व्हय?"

ह्यांनी मान वर केली नाही. ते चिमट्यानं कड्या वेगळ्या करत बसले होते. लग्नाला इतकी वर्षं झाली, शेजारी बसून काम केलं, आणि त्या माणसाला एक वाक्य बोलता येईना.

तेव्हा मला आठवलं. माझ्या लेकीच्या, श्रुतीच्या वेळी बाळंतपणात माझं रक्त फार गेलं होतं. हेच धावत रक्तपेढीत जाऊन पिशव्या घेऊन आले होते. मी म्हटलं, "श्रुतीच्या येळंला रक्त चढवलं न्हवं काय? त्यातनं आलं असंल." आत्ती पदर सावरून उठल्या. ह्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडं बघितलं. त्या दिवसापासनं मी ते रक्त धरून ठेवलं.

मोठा दवाखाना

खासगी डॉक्टरनी हात वर केले आणि मोठ्या सरकारी दवाखान्यात पाठवलं. एका इमारतीत एआरटी केंद्र, म्हणजे एचआयव्हीची औषधं देतात ते, दुसरीकडं डोळ्यांचा विभाग. डोळ्यांच्या डॉक्टर मॅडम तरुण होत्या आणि घाईत असायच्या, पण ज्याचा आजार त्याच्याशी बोलायच्या.

त्यांनी सांगितलं ते मला समजलं तसं सांगते. सीएमव्ही नावाचा एक विषाणू आहे. तो पुष्कळांच्या अंगात लहानपणापासनंच असतो आणि काही करत नाही, झोपलेला असतो. एचआयव्हीनं अंगातली राखण काढून घेतली की तो उठतो. माझ्या डोळ्याच्या मागच्या पडद्यात उठला होता. एकीकडनं पडदा खात चालला होता.

रक्त बऱ्याच नळ्यांत भरून घेतलं. एक नळी राखण किती उरली ते बघायला, एक एचआयव्ही किती आहे ते बघायला, एक काविळीच्या विषाणूंसाठी, आणि एक ह्या सीएमव्हीसाठी. ती शेवटची बाहेरगावी जाणार होती.

"रिपोर्ट यायला वेळ लागेल," मॅडम म्हणाल्या. "पण आपण थांबायचं नाही. रक्तात विषाणू सापडला तरी डोळा बघूनच ठरवावं लागतं, आणि नाही सापडला तरी डोळा बघूनच. डोळ्यात मला दिसतंय. औषध आजच चालू करू."

मी विचारलं, "ह्या रक्तातनं कळंल काय, मला हे कुठनं झालं?"

"एचआयव्ही? नाही. अंगात काय आहे आणि किती आहे, एवढं कळतं. कुठनं आलं ते रक्त सांगत नाही."

"बाळंतपणात रक्त चढवल्यालं."

"शक्य आहे. देणाऱ्याची लागण अगदी नवी असली तर तेव्हाच्या तपासणीतनं सुटायची कधीकधी. पण तसंच झालं असं मला सांगता येणार नाही. सुईनं होऊ शकतं, आणखी कशानं होऊ शकतं."

हे माझ्या शेजारी उभे होते. म्हणाले, "म्हंजे नक्की न्हाय."

मॅडमनी त्यांच्याकडं बघितलं. "ह्यांचा डोळा जातोय, तो वाचवायचा आहे. ते नक्की आहे."

पण घरी गेलं ते ह्यांचंच वाक्य.

बाकावर

मग सुरू झाल्या फेऱ्या. डोळ्यात इंजेक्शन. हो, डोळ्यातच. बधिर करतात, दुखत नाही म्हणतात. दुखत नाही, पण सुई येताना दिसते. सोबत गोळ्या. त्या गोळ्यांनी रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात, म्हणून दर आठवड्याला पुन्हा रक्त. एका दंडाची शीर दमली की दुसऱ्या. एचआयव्हीच्या गोळ्या मागनं, थोडं थांबून चालू केल्या. एकदम चालू केल्या तर अंगातली राखण अचानक जागी होऊन डोळ्यातच दंगा करते, म्हणाले.

एआरटीच्या बाकावर एक गंमत असायची. कोल्हापुरात कुठंही बसा, शेजारचा विचारणारच, "कुठलं पावणं?" तिथंही विचारायचे, सवयीनं. आणि सगळे एकच उत्तर द्यायचे: "हितलंच." कुणी गाव सांगत नव्हतं. मीही हितलीच झाले होते.

तिथं एक म्हातारे असायचे, पांढरी टोपी, हातात कापडी पिशवी. डोळ्यांच्या विभागातनं थेंब घालून आले की मला भिंतीवरचा नंबर दिसायचा नाही. ते आपण होऊन सांगायचे, "तुमचा अजून आला न्हाय, बसा." आला की, "चला, उठा." कधी नाव विचारलं नाही. पुढं एकदा आठवडी बाजारात ते मला समोरासमोर भेटले. मी थिजले, कारण शेजारी आमच्या गल्लीतल्या बायका होत्या. त्यांनी माझ्याकडं बघितलं, वांगी निवडली आणि निघून गेले. ओळखच दाखवली नाही. ह्या सगळ्या काळात माझ्यावर कुणी एवढे उपकार केले नाहीत.

वेगळं ताट

आम्ही जैन. आत्ती दिवस मावळायच्या आत जेवतात, कधी मोडलं नाही. माझी संध्याकाळची गोळी पोटात अन्न असताना घ्यायची होती. आत्तींनी ते एकदा ऐकलं आणि पक्कं ठेवलं. उन्हं कलली की माझं ताट वाढलेलं असायचं. गरम भाकरी, आमटी. एकदाही उशीर झाला नाही.

ताट मात्र वेगळं. तांब्या वेगळा. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर ठेवायच्या आणि मागं सरायच्या. "गोळी घे," म्हणायच्या आणि मी गिळेपर्यंत तिथंच उभ्या राहायच्या.

एकत्र जेवल्यानं हे होत नाही असं समुपदेशक सरांनी ह्यांच्यासमोर, चित्र काढून सांगितलं होतं. ह्यांनी मान डोलावली होती. घरी आल्यावर म्हणाले, "आईला कशाला दुखवायचं?" आणि पैंजणाच्या कामाला मला हात लावू देईनात. "बाजारात कळलं तर माल कोण घेणार?" चांदी वितळते तिथं कुठला विषाणू जगतोय? पण मी वाद घातला नाही. एका डोळ्यानं तसाही कडीवर नेम बसत नव्हता. जवळ-लांबचा अंदाजच राहत नाही.

आत्तींचा राग करावा की त्यांच्या पाया पडावं, मला अजून कळलेलं नाही. तेव्हा मी दोन्ही केलं नाही. जेवले.

श्रुती

रक्त चढवलं ते श्रुतीच्या जन्माच्या वेळी, आणि त्यानंतर मी तिला अंगावर पाजलं होतं. म्हणजे तिचंही रक्त तपासायला हवं होतं. हे मला समुपदेशक सरांनी सांगितलं त्या दिवशी मी माझ्या डोळ्याची काळजी करायची सोडून दिली.

श्रुती नववीत. मी तिला सांगितलं, "डोळ्याचं दुखणं घराण्यात असतंय, म्हणून तुझं बी बघत्यात." पण तिला वाचता येत होतं. भिंतीवर सगळं मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं.

निकालाला थांबलो तेवढ्या वेळात मी देवाला काय काय कबूल केलं ते लिहीत नाही. निगेटिव्ह आला. मी व्हरांड्यात खाली बसले आणि रडले. ह्यांनी एका हातानं भिंत धरली होती, दुसरा माझ्या खांद्यावर ठेवला. किती महिन्यांनी. मग त्यांना काहीतरी आठवल्यासारखं झालं आणि हात काढला.

त्याच आठवड्यात जयसिंगपूरहून वन्सं आल्या, ह्यांची मोठी बहीण. म्हणाल्या, "पोरीला मी न्हेतो. तिकडं शाळा चांगली हाय. हितं ह्या सगळ्यात तिनं काय शिकायचं?" मला कुणी विचारलं नाही. श्रुतीनं कपडे भरले. निघताना माझ्या पाया पडली, पण वर बघितलं नाही. मला वाटलं, घाबरली. आईची किळस आली असंल. ते वाटणं कुठल्याही सुईपेक्षा वाईट होतं.

नाही सापडला

औषध लागू पडलं. रक्तातला सीएमव्ही कमी कमी होत गेला आणि शेवटी मॅडम म्हणाल्या, "ह्या वेळी सापडला नाही." उजवा डोळा वाचला. डाव्याचा पडदा आतनं सुटला. ऑपरेशन केलं, नजर आली नाही. पुढं एचआयव्हीही तपासणीत दिसेनासा झाला. सर म्हणाले, "गोळ्या अशाच चालू ठेवल्या तर तुमच्यापासून मिस्टरांना लागण होणार नाही."

घरी सांगितलं. आत्ती म्हणाल्या, "कागदावर काय बी लिवत्यात."

वन्संनी तोवर घरासाठी एक उत्तर ठरवून टाकलं होतं. नात्यात कुणाला कळलंच तर सांगायचं, श्रुतीच्या वेळी रक्त चढवलं त्यातनं झालं. म्हणजे घराची लाज राहते. मला तर सुटल्यासारखं झालं. मी स्वतःही तेच सांगत सुटले. माहेरी कागलला फोनवर, ह्यांच्या मामीला, कुणकुण लागलेल्या शेजारणीला. डॉक्टर म्हणाल्या होत्या, "शक्य आहे, पण सांगता येणार नाही." मी अर्धंच वाक्य उचललं होतं. माझ्याकडं दुसरं होतं काय?

जयसिंगपूर

परीक्षा संपली, सुट्टी लागली, तरी श्रुती येईना. फोनवर, "हितंच बरं हाय." शेवटी मी एकटी निघाले. इचलकरंजीला बस बदलली. एका डोळ्यानं बसची पायरी किती खाली आहे ते कळत नाही; पाय हवेत राहतो. कंडक्टर म्हणाला, "मावशी, बघून उतरा की." म्हटलं, बघूनच उतरतोय बाबा.

वन्संनी चहा कागदी कपात दिला. स्वतः स्टीलच्या कपातनं घेतला. श्रुती आतनं आली आणि दाराजवळ उभी राहिली. उंच झाली होती.

"चल घरला," मी म्हटलं.

"तिची मर्जी," वन्सं म्हणाल्या. "इचार तिलाच."

"मला न्हाय यायचं."

"का गं? माझी भीती वाटती?"

तिनं नाही म्हणून मान हलवली. ओढणीचं टोक पिळत म्हणाली,

"मी समोर असलो की तुला रोज आठवंल."

"काय आठवंल?"

"माझ्या येळंला रक्त चढवलं. मी झालोच नसतो तर तुझा डोळा गेला नसता. बाबा तुझ्याशी बोलले असते."

वन्सं म्हणाल्या, "अगं, असं कोण म्हणालं तुला?"

"तुमीच की आत्या. फोनवर सगळ्यास्नी सांगताय. आई बी तेच सांगती."

मी म्हटलं, "चूक असली तर त्या रक्ताची बाळा, तुझी न्हाय."

"पर चढवलं माझ्यामुळंच न्हवं?"

ह्याला उत्तर होतं, पण ते दिलं की मी पुन्हा उघडी पडणार होते. ते रक्त सोडलं तर मी कोण, ते वन्संच्या तोंडावर दिसत होतंच. हे घर, नवऱ्याची मान, गावातलं तोंड, सगळं त्याच एका गोष्टीवर टेकवलेलं होतं. आणि ती माझ्या पोरीच्या छातीवर उभी होती.

"श्रुती, हिकडं बघ. ते नक्की न्हाय. डॉक्टर मॅडमनी तवाच सांगितल्यालं, कुठनं आलं ते कळत न्हाय. मीच सगळ्यास्नी पक्कं करून सांगितलं. त्या रक्तातनंच आलं असं काय न्हाय. कुठनं बी आलं असंल."

वन्संनी कप खाली ठेवला. "कुठनं बी म्हंजे?"

"कुठनं बी म्हंजे कुठनं बी."

मी श्रुतीकडंच बघत होते. तिचं तोंड वाकडं झालं, लहानपणी रडायच्या आधी व्हायचं तसं. मग ती आत गेली आणि कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला. ती पिशवी भरत होती तेवढा वेळ वन्सं माझ्यासमोर बसून होत्या. नुसत्या बघत राहिल्या. संध्याकाळच्या आत माझं हे बोलणं हुपरीला पोचणार होतं, आणि पोचलं. आता घरात सगळे माझ्याकडं तसंच बघतात. श्रुती सोडून.